फॉरमॅट मारण्याआधी: हळू चालणाऱ्या घरच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती, क्रमाक्रमाने

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका परवा लॅपटॉप काखेत मारून आले. टेबलावर ठेवला, चार्जर लावला आणि म्हणाले, "अरे, हा पार बसलाय. बटण दाबून आंघोळ करून येतो, तरी चालू झालेला नसतो. फॉरमॅट मारून दे एकदाचा."

"काका, फॉरमॅट मारायला अर्धा दिवस लागतो आणि पुढे आठवडाभर तुम्ही मला फोन करता. काय अडलंय ते आधी बघू तरी द्या."

हे मी उगाच म्हटलं नाही. वर्षभरापूर्वी त्यांनी एका दुकानातून फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून, आणला होता. डेस्कटॉपवरचे फोटो गेले, सोसायटीच्या नोटिसांचा मराठी फॉन्ट गेला, प्रिंटरचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) गेला, आणि चार महिन्यांत लॅपटॉप पुन्हा होता तिथेच आला. मुळात दुखणं विंडोजमध्ये नव्हतंच.

म्हणून खालचा क्रम. तो विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं आवृत्तीगणिक थोडी इकडेतिकडे होतात, पण सापडतात. नाहीच सापडलं तर स्टार्ट मेनू उघडून ते नाव टाइप करा, सेटिंग समोर येते.

हात लावण्याआधी

पहिलं काम बॅकअपचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा फोल्डर वेगळा घ्या, तो या चारांत बहुधा नसतो. लॅपटॉप हळू होण्याचं एक कारण हार्ड डिस्क मरायला टेकलेली असणं हेही असतं, आणि अशा डिस्कवर तासभर स्कॅन चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

दुसरं, नवा लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहून घ्या. हल्ली ते बरेचदा आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) काही बदल झाला की स्क्रीनवर निळं पान येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ताच उघडून कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर तुमचा डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा.

तिसरं काम लोक करत नाहीत: वेळ मोजा. फोनवर स्टॉपवॉच लावा, बटण दाबा आणि ब्राउझरमध्ये एखादं पान पूर्ण उघडेपर्यंत किती वेळ गेला ते लिहा. काकांच्या लॅपटॉपला ६ मिनिटं ४० सेकंद लागले. प्रत्येक बदलानंतर हाच आकडा पुन्हा घ्यायचा, आणि एका वेळी एकच बदल करायचा. पाच गोष्टी एकदम केल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही कळत नाही.

बंद केला म्हणजे बंद झाला, असं नाही

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स, मग सीपीयू (म्हणजे प्रोसेसर). आलेखाखाली 'अप टाइम' असं लिहिलेलं दिसेल आणि पुढे चार आकडे: दिवस, तास, मिनिटं, सेकंद. काकांच्या मशीनवर दिवसांच्या जागी २३ होते.

"शक्यच नाही," काका म्हणाले, "रोज रात्री मी स्वतः बंद करतो."

ते खरं बोलत होते आणि विंडोजही खरं बोलत होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर आहे तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू केला जातो. सुरुवात लवकर होते खरी. पण अडकलेला ड्रायव्हर, बिनसलेली सेवा, अर्धवट राहिलेला अपडेट हेसुद्धा तसेच पुढच्या दिवसात येतात. रिस्टार्ट केलं की मात्र पाटी खरोखर कोरी होते. म्हणून वायफाय दिसत नाही, आवाज येत नाही, माउस अडखळतो अशा तक्रारींवर पहिला उपाय रिस्टार्ट, शट डाउन नव्हे.

हा त्रास वारंवार होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवरचं बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवण्याच्या दुव्यावर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर ती सोय नसली तरी काही बिघडत नाही.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

रिस्टार्ट करून दहा मिनिटं थांबा. काहीही उघडू नका. मग टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस पानावर या आणि वरचे तीन रकाने पाहा: सीपीयू, मेमरी, डिस्क. यातला कोणता सतत शंभराच्या जवळ आहे, एवढ्यावर पुढची सगळी दिशा ठरते. ज्या रकान्याच्या नावावर क्लिक कराल त्यात सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

सीपीयू शंभरला असेल तर वर कोण आहे ते पाहा. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल असेल तर तो विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आहे आणि स्कॅन चालू आहे, होऊ द्या. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर असेल तर अपडेट बसतोय; लॅपटॉप चार्जरला लावून चहा घ्या. तासाभराने ही दोन्ही नावं खाली गेली नाहीत, तर मात्र पुढे अपडेटबद्दल लिहिलंय ते करा. अनोळखी नाव असेल तर त्यावर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते पाहा. तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरातून चालणारा, विचित्र अक्षरांच्या नावाचा प्रोग्रॅम संशयास्पदच धरायचा.

सीपीयू शंभरला नाही, पण पंखा विमानासारखा ओरडतोय आणि परफॉर्मन्स पानावर वेग एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकलाय, तर ते उष्णतेचं काम असू शकतं. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला हे हमखास होतं. जाळीतली धूळ काढा, टणक पृष्ठभागावर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू प्रोग्रॅमची तात्पुरती जागा, अपुरी पडतेय. रॅम भरली की विंडोज जादा सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं, म्हणून एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जाताना सगळं थिजतं. चार जीबी रॅमवर विंडोज चालतं, पण त्यावर ब्राउझरचे आठ टॅब, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र चालत नाहीत. परफॉर्मन्स पानावर मेमरीच्या खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं असतं. '१ ऑफ २' दिसलं तर एक जागा बहुधा रिकामी आहे, म्हणजे लॅपटॉप न उघडताच रॅम वाढवता येईल का याचा अंदाज येतो.

आता डिस्क. घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपचं खरं दुखणं इथे असतं. काकांच्या मशीनवर सीपीयू १२ टक्के, मेमरी ७१ टक्के आणि डिस्क १०० टक्के. काही न उघडता, दहा मिनिटांनंतरही. परफॉर्मन्स पानावर डावीकडे डिस्कच्या नावाखाली ती एचडीडी आहे की एसएसडी तेही लिहिलेलं असतं. इथे एचडीडी होती.

एचडीडी म्हणजे आत खरोखर फिरणारी तबकडी. लॅपटॉपमधली बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. विंडोज चालू होताना हजारो बारीकसारीक फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचायच्या असतात, आणि प्रत्येक वेळी डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याने (हेडने) त्या जागी सरकायचं, तबकडी फिरून खाली यायची वाट पाहायची. अशी डिस्क सेकंदाला शंभरएक वाचनं करते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे ती तेवढ्याच वेळात हजारो वाचनं करते. एकच मोठी फाइल कॉपी करताना हा फरक चार-पाच पटींचा वाटतो. मशीन चालू होताना तो कितीतरी जास्त जाणवतो.

डिस्क शंभरावर दिसली की ती आजारी नाही ना, ते तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडताच डिस्कची तब्येत रंगात दिसते: निळा असेल तर ठीक. पिवळा रंग आणि 'कॉशन' शब्द दिसला तर बाकी सगळं थांबवा, बॅकअप पुन्हा एकदा तपासा आणि डिस्क बदला.

चालू होतानाचं लटांबर

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अ‍ॅप्सचं पान आहे. मशीन चालू झाल्याबरोबर मागे कोण कोण उठतं त्याची ही यादी. काकांकडे १९ नावं होती: दोन मीटिंगची अ‍ॅप, एक गाण्यांचं, तीन प्रिंटर कंपन्यांची, ज्यातले दोन प्रिंटर भंगारातही गेलेत.

प्रत्येकावर राइट क्लिक, डिसेबल. यामुळे प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त न बोलावता येणं थांबतं. चालू ठेवायचं ते असं: अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंडचे ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते, आणि फायली वनड्राइव्हवर ठेवत असाल तर वनड्राइव्ह. वापरत नसाल तर तेही बंद.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. इथून न लागणारं पूर्ण काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक ठेवा. दोघं एकाच फाइलवर तुटून पडतात आणि मशीन गुडघे टेकतं. मुदत संपलेला विकतचा अँटिव्हायरस तर आधी काढा. तो गेल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे.

ड्रायव्हर अपडेटर, रजिस्ट्री क्लीनर, 'पीसी बूस्टर' असल्या नावाचं काहीही दिसलं तर काढून टाका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ केल्याने मशीन पळायला लागलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. चालू होईनासं झालेलं पाहिलंय.

इथवर आल्यावर पुन्हा स्टॉपवॉच: ४ मिनिटं ५० सेकंद.

जागा

सी ड्राइव्हवर किमान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. मोठे अपडेट बसायलाच वीसएक जीबी लागतात, त्यामुळे 'अपडेट होत नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादीत टिक करून रिकामं करा. एक सावधगिरी: त्याच यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो. त्यावर टिक नाही ना, ते पाहूनच बटण दाबा. लोक बँकेचं स्टेटमेंट, आधारची पीडीएफ, मुलांची हॉल तिकिटं सगळं डाउनलोड्समध्येच ठेवतात.

ब्राउझर, आणि ते घाबरवणारे इशारे

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसतं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा. एक्स्टेन्शन्सचं (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सोयींचं) पान उघडून, जे स्वतः टाकल्याचं आठवत नाही ते काढा. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी आणि हवामान दाखवणारी एक्स्टेन्शन्स पहिल्या झटक्यात जाऊ द्यात.

खरी गंमत उजव्या कोपऱ्यात असते. काकांच्या स्क्रीनवर दर दोन मिनिटांनी एक चौकोन यायचा: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा. त्यांनी दोनदा अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन केलं होतं, काही सापडलं नव्हतं. सापडणार कसं? तो व्हायरसचा इशारा नव्हताच, ती एका वेबसाइटची जाहिरात होती. कधीतरी क्रिकेटचा सामना पाहायला उघडलेल्या पानाने 'अलाउ दाबा' म्हटलं, यांनी दाबलं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटींच्या यादीतून अनोळखी सगळ्या काढा. एका मिनिटाचं काम. हे 'व्हायरस' काढायला पैसे घेणारे महाभाग आहेत, म्हणून सविस्तर लिहिलं.

याचा मोठा भाऊ म्हणजे संपूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं आणि एक फोन नंबर देणारं पान. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून ब्राउझरवर एंड टास्क करा, आणि पुन्हा उघडताना 'मागची पानं परत आणू का' याला नाही म्हणा. घरच्या वडीलधाऱ्यांनी फोन करून कोणाला दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या रिमोट अ‍ॅपमधून आत घेतलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता कमी.

विंडोजच्याच फायली बिघडल्या असतील तर

प्रोग्रॅम आपोआप बंद होणं, स्टार्ट मेनू न उघडणं, दर दोन दिवसांनी निळी स्क्रीन. आधी स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. तारखांचा तक्ता येतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुलीने दाखवतो. फुल्या ज्या तारखेपासून सुरू झाल्या, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं तेही त्याच तक्त्यात असतं. निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं, आणि तरी या खिडकीची दखल कोणी घेत नाही.

उत्तर मिळालं नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिन' म्हणून उघडा. दोन आज्ञा द्यायच्या आहेत, दोन्ही रोमन अक्षरांत, याच क्रमाने. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. पहिली: डीआयएसएम, जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑनलाइन, जागा, तिरकी रेघ आणि क्लीनअप-इमेज, जागा, तिरकी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. ही आज्ञा विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करते, त्यासाठी इंटरनेट चालू हवं. आकडा मध्येच बराच वेळ एका जागी थांबतो. खिडकी बंद करू नका. ती संपली की दुसरी: एसएफसी, जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. ही त्या साठ्यावरून बिघडलेल्या फायली बदलते. आधी दुसरी आणि मग पहिली केली तर दुरुस्ती बिघडलेल्या साठ्यावरूनच होते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

अपडेट एकाच टक्क्यावर अडकत असेल तर सर्व्हिसेस उघडा, विंडोज अपडेट नावाची सेवा थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनमधल्या डाउनलोड फोल्डरातलं सगळं पुसा, सेवा पुन्हा चालू करा. अर्धवट उतरलेला अपडेट जातो आणि नव्याने उतरतो.

मशीन चालूच होत नसेल तर जुन्या सवयीने एफ८ दाबत बसू नका. विंडोज ८ पासून ते बटण मुळात बंद ठेवलेलं असतं. लॉगिनचं पान येत असेल तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा. तेही येत नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचं निळं पान आपोआप येतं. तिथून सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज) मिळतो, आणि ताजा अपडेट काढण्याची सोयही.

किरकोळ, पण दर महिन्याला येणाऱ्या

प्रिंटर. एक नोटीस अडकते आणि मागच्या सगळ्या रांगेत उभ्या राहतात, रद्द करा म्हटलं तरी जात नाहीत. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली पुसा; फोल्डर ठेवा. स्पूलर परत चालू करा. प्रिंटर सोडून बाकी सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर मी हे शिकलो.

घड्याळ. बँकेची साइट उघडत नाही, क्रोम म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही, फोनवर मात्र सगळं नीट. कोपऱ्यातली तारीख पाहा. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, आणि कॉम्प्युटर स्वतःला कित्येक वर्षं मागे समजत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख दुरुस्त करा. जुन्या डेस्कटॉपवर लाइट जाऊन आली की तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय: सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मुख्य वायर काढून मगच बदला.

पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून परत आला आणि आत फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट. त्यांवर डबल क्लिक करू नका, तेच तर त्या व्हायरसला हवं असतं. तुमच्या फायली बहुतेक वेळा शाबूत असतात, फक्त लपवलेल्या. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फायली दाखवा, शिवाय 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची टिक काढा. कधीकधी सगळं एका नाव नसलेल्या फोल्डरात कोंबलेलं असतं. हवं तेवढं बाहेर कॉपी करा, शॉर्टकट सोडून. डिफेंडरने ते तपासा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. हा फॉरमॅट मात्र खुशाल मारा.

मराठी. काकांची २०१२ सालची नोटीस उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. फाइल खराब झालेली नाही. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तो फॉन्ट नसला की मूळची रोमन अक्षरं उघडी पडतात. तो फॉन्ट परत टाकला की मजकूर वाचता येतो. कायमचा सोडवायचा तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडमधली फाइल असून मंगल, कोकिळा किंवा अपराजिता फॉन्ट दिसत नसेल तर ते विंडोज १० आणि ११ मध्ये वेगळे टाकावे लागतात: सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, त्यात देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) जमत नसेल तर मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या, तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड जोडा. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

पैसे खर्च करायचेच असतील तर

आधी एसएसडी, मग रॅम, आणि बाकी काही नाही. काकांच्या लॅपटॉपला मी तेच केलं: जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर उतरवली, त्यामुळे फॉन्ट, प्रिंटर, टॅली सगळं जागच्या जागी राहिलं. स्टॉपवॉच: ३८ सेकंद. काकांनी ते दोनदा पुन्हा लावून पाहिलं.

रॅम घेताना जुनी डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघा. खाचेची जागा वेगळी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. एसएसडीला डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करायचं नसतं. विंडोज तिची वेगळी निगा आपोआप ठेवतं.

विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच तो पर्याय दिसतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यात न बसणारं मशीन जबरदस्तीने वर नेण्याच्या युक्त्या फिरत असतात. मला त्यापेक्षा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम) बरं वाटतं, विशेषतः ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर, यूट्यूब आणि चार पत्रं एवढंच असतं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून, वायफाय आणि प्रिंटर चालतो का ते पाहा. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर मात्र विंडोज सोडू नका.

आणि तरीही फॉरमॅटच करायचा असेल

तर तो घरी करा. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फायली राहतात, प्रोग्रॅम जातात. क्लाउड डाउनलोड निवडलं तर चारएक जीबी उतरतं, पण विंडोज ताजं येतं. स्थानिक साठा बिघडलेला असेल तर हेच घ्या. मूळ परवान्याचं विंडोज त्याच मशीनवर परत टाकलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, कोणाकडून 'अ‍ॅक्टिव्हेटर' घ्यावा लागत नाही. काकांच्या लॅपटॉपवर दुकानाने तसला एक टाकला होता आणि तो चालावा म्हणून डिफेंडर बंद करून ठेवला होता. मूळ परवाना लॅपटॉपसोबतच आलेला होता, तरीही.

बटण दाबण्याआधी एका कागदावर लिहून काढा: बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी, प्रिंटरचा मॉडेल नंबर, मराठी फॉन्टांची नावं, वायफायचा पासवर्ड, ऑफिस कोणत्या ईमेलवर घेतलंय ते. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी सिंक झालेत ना, ते फोनवर उघडून पाहा. विंडोज, फॉन्ट्स फोल्डर उघडून जुने फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप चार्जरला लावा आणि बेसमेंटमधला मेन स्विच बंद करणारा कोणी इलेक्ट्रिशियन त्या दिवशी इमारतीत येणार नाही ना, ते सेक्रेटरींना विचारून घ्या.